उपकरणाला मेमरीचा पत्ता देताना: ऑपरेटिंग सिस्टिमच्या इंटरफेसविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे परिसरातील कारखान्यांसाठी तपासणी यंत्रांचे सॉफ्टवेअर लिहिणारे अभियंते, तसेच बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत अभियांत्रिकी शिकणारे विद्यार्थी लिनक्स ड्रायव्हरविषयी (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एखादे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी) काही प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. या भागात शाळा मराठी माध्यमातून आणि पुढचे शिक्षण इंग्रजीतून असा प्रवास अनेकांचा असतो. या विषयाची कागदपत्रे तर बहुतांशी इंग्रजीत आणि तीही जाणकारांसाठी लिहिलेली असतात. म्हणून शक्य तिथे कारण आधी आणि नाव नंतर, असा क्रम ठेवला आहे.

उदाहरण सर्वत्र एकच घेतले आहे. फाउंड्रीतून आलेली कास्टिंग, म्हणजे ओतीव धातूचे भाग, पट्ट्यावरून पुढे सरकत आहेत, वर कॅमेरा आहे आणि संगणकात बसवलेले कार्ड त्या कॅमेऱ्याची चित्रे मेमरीत उतरवत आहे. चित्र १९२० गुणिले १०८० बिंदूंचे, प्रत्येक बिंदूला एक बाइट, आणि सेकंदाला ६० चित्रे.

उपकरणाला मेमरीचा पत्ता द्यावाच का लागतो?

वरच्या कॅमेऱ्याचे एक चित्र २०,७३,६०० बाइट्सचे होते, म्हणजे सेकंदाला साधारण साडेबारा कोटी बाइट्स येतात. हा सगळा माल प्रोसेसरने कार्डातून स्वतः उचलून मेमरीत ठेवायचा म्हटले, तर कास्टिंगवरची भेग शोधण्याच्या मूळ कामाला त्याच्याकडे फारसा वेळ उरणार नाही. म्हणून कार्डालाच सांगितले जाते की अमुक पत्त्यावर इतके बाइट्स तू स्वतः लिही आणि झाले की कळव. या पद्धतीला डीएमए (डायरेक्ट मेमरी अ‍ॅक्सेस) म्हणतात. डिस्क, नेटवर्क कार्ड, ग्राफिक्स कार्ड ही सारी उपकरणे याच रीतीने काम करतात.

पत्ता देणे म्हणजे नुसता एक आकडा देणे नव्हे. त्या आकड्यासोबत मेमरीच्या एका तुकड्यावर लिहिण्याचा अधिकार दिला जातो, आणि तो अधिकार परत घेईपर्यंत उपकरण तो वापरू शकते. पुढची बहुतेक उत्तरे या एका गोष्टीभोवती फिरतात: अधिकार कोणी दिला, कोणत्या तुकड्यावर दिला, आणि तो केव्हा व कसा संपतो.

प्रोग्रामला दिसणारा पत्ता उपकरणाला जसाच्या तसा का देता येत नाही?

कारण पत्ते तीन प्रकारचे असतात. प्रोग्राम वापरतो तो व्हर्च्युअल पत्ता. तो त्या एका प्रोसेसपुरताच, म्हणजे चालू असलेल्या त्या एका प्रोग्रामपुरताच, अर्थपूर्ण असतो, आणि दुसऱ्या प्रोसेसमध्ये तोच आकडा भलत्याच जागेकडे नेतो. रॅमच्या खऱ्या जागेचा असतो तो फिजिकल पत्ता. तिसरा पत्ता उपकरणाला बसवरून, म्हणजे उपकरण आणि मेमरी यांना जोडणाऱ्या मार्गावरून, दिसणारा. साध्या यंत्रात तो फिजिकल पत्त्याइतकाच असू शकतो, पण तसा असेलच असे धरून चालता येत नाही.

आपल्या चित्राचेच पाहा. मेमरी ज्या ठरावीक मापाच्या तुकड्यांत वाटली जाते, त्यांना पाने म्हणतात. पान ४,०९६ बाइट्सचे धरले, तर चित्र ५०६ पाने पूर्ण भरते आणि त्यानंतरही १,०२४ बाइट्स उरतात, म्हणजे ५०७ पाने लागतात. बफरची, म्हणजे चित्रासाठी राखलेल्या मेमरीची, सुरुवात पानाच्या आरंभी नसून ३,०७२ बाइट्सच्या पुढे असेल, तर शेवटचे काही बाइट्स आणखी एका पानावर सांडतात आणि संख्या ५०८ होते. प्रोग्रामला ही पाने सलग दिसतात, रॅममध्ये मात्र ती कुठेही विखुरलेली असतात. कार्डाला पहिल्या पानाचा फिजिकल पत्ता देऊन पूर्ण चित्राची लांबी सांगितली, तर पहिले पान संपल्यावर ते शेजारच्या फिजिकल पानावर लिहू लागेल, आणि ते पान दुसऱ्याच कोणाचे असेल. यंत्र तत्काळ बंद पडले तर नशीब. बहुधा ते तासाभराने, संबंध नसलेल्या ठिकाणी कोसळते.

आयओएमएमयू नेमके काय करते?

प्रोसेसरच्या बाजूला एमएमयू (पत्त्यांचे रूपांतर करणारा हार्डवेअरचा भाग) जे काम करते, तेच आयओएमएमयू उपकरणाच्या बाजूला करते. उपकरणाने पाठवलेला पत्ता ते स्वतःच्या तक्त्यात पाहते, त्याचे फिजिकल पत्त्यात रूपांतर करते, आणि तक्त्यात नोंद नसेल तर व्यवहार अडवते. इंटेलच्या यंत्रांत त्याला व्हीटी-डी म्हणतात, एएमडीच्या यंत्रांत एएमडी-व्हीआय आणि आर्मच्या यंत्रांत एसएमएमयू. याचे दोन लाभ आहेत: विखुरलेली पाने उपकरणाला सलग दाखवता येतात, आणि बिघडलेल्या किंवा दुष्ट उपकरणाला मेमरीभर फिरण्यापासून रोखता येते.

ड्रायव्हरने फिजिकल पत्ता स्वतः काढून कार्डाच्या रजिस्टरमध्ये (कार्डावरच्या लहान साठवणजागेत) लिहिला तर काय बिघडते? माझ्या लॅपटॉपवर तर ते चालते.

हा प्रश्न सर्वाधिक येतो, म्हणून थोडे सविस्तर.

लॅपटॉपवर ते चालते कारण तिथे आयओएमएमयू बंद आहे किंवा ते कार्ड थेट पद्धतीने जोडलेले आहे, आणि त्यामुळे बसवरचा पत्ता योगायोगाने फिजिकल पत्त्याइतकाच निघतो. तोच ड्रायव्हर कारखान्यातल्या नव्या संगणकावर चढवला की कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये डीएमएआरच्या फॉल्टच्या, म्हणजे आयओएमएमयूने अडवलेल्या व्यवहारांच्या, ओळींची रांग लागते आणि चित्र काळे येते. काही जण यावर उपाय म्हणून आयओएमएमयूच बंद करतात. तो उपाय कृपया करू नये. ते संरक्षण सर्व उपकरणांसाठी असते. एका ड्रायव्हरच्या सोयीसाठी ते काढून टाकणे योग्य नाही.

लिनक्सने यासाठी डीएमए एपीआय, म्हणजे ड्रायव्हरने बोलवायच्या फंक्शनांचा संच, दिला आहे. ड्रायव्हर ‘डीएमए_मॅप_सिंगल’ या फंक्शनला उपकरण, बफर, लांबी आणि दिशा सांगतो, आणि फंक्शन उपकरणासाठीचा पत्ता परत देते. पाने विखुरलेली असतील तर त्यांची यादी देणारे वेगळे फंक्शन आहे. या पत्त्याचा प्रकारही वेगळा ठेवला आहे, म्हणजे वाचणाऱ्याला तो फिजिकल किंवा व्हर्च्युअल पत्त्यापासून वेगळा ओळखता यावा. मॅपिंग अयशस्वी होऊ शकते, म्हणून ते तपासण्याचे फंक्शन प्रत्येक वेळी बोलवावे लागते.

या इंटरफेसची खरी किंमत मॅप आणि अनमॅप यांच्या मधल्या काळात कळते. मॅप केल्यापासून अनमॅप करेपर्यंत बफर उपकरणाच्या ताब्यात असतो आणि प्रोसेसरने त्याला हात लावायचा नसतो. मध्येच डोकावायचे असेल तर ‘सिंक’ नावाची फंक्शने आहेत: ताबा प्रोसेसरकडे घेण्यासाठी एक आणि उपकरणाकडे परत देण्यासाठी दुसरे. पीसीवर हे पाळले नाही तरी बहुधा खपून जाते, कारण तिथे कॅशची (प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीची) सुसंगती हार्डवेअरच राखते. परंतु अनेक आर्म बोर्डांवर तशी सोय नसते, आणि मग चित्राच्या मधोमध मागच्या चित्राच्या चौसष्ट चौसष्ट बाइट्सच्या चिंध्या दिसू लागतात. अशा चिंध्या दिसल्या की कॅमेऱ्याची केबल बदलण्याआधी सिंकची फंक्शने तपासावीत.

ज्या मेमरीवर प्रोसेसर आणि उपकरण दोघेही सतत लिहीत-वाचत असतात, उदाहरणार्थ आदेशांची रांग, तिच्यासाठी ‘डीएमए_अलोक_कोहेरंट’ वापरावे. मोठ्या चित्रांसाठी ते सरसकट वापरणे मात्र चुकीचे आहे, कारण काही बोर्डांवर अशी मेमरी कॅशबाहेर ठेवली जाते आणि प्रोसेसरला ती वाचायला फार वेळ लागतो.

जुन्या कार्डाला रॅमचा वरचा भाग दिसत नाही. तेव्हा काय होते?

ड्रायव्हरने सुरुवातीलाच आपले उपकरण किती बिटांचा पत्ता पाठवू शकते हे मास्कद्वारे सांगायचे असते. जुन्या आयएसए या पीसीतल्या बसच्या पद्धतीच्या डीएमएला १६ एमबीपर्यंतच पोहोचता येई, तर ३२ बिटांच्या कार्डाला ४ जीबीपर्यंत. बफर त्यापलीकडे असेल आणि आयओएमएमयू नसेल, तर कर्नल स्विओटीएलबी नावाच्या राखीव जागेतून माल आधी खाली आणतो आणि मग मूळ जागी कॉपी करतो. ही जागा सहसा ६४ एमबी असते. काम होते, पण कॉपीचा भार पुन्हा प्रोसेसरवर येतो.

बफर प्रोग्रामने स्वतः घेतलेला असेल तर?

तो धोक्याचा भाग आहे. प्रोग्रामची पाने कर्नल केव्हाही हलवू शकतो, डिस्कवर टाकू शकतो किंवा दोन प्रोसेसमध्ये वाटून ठेवू शकतो. प्रोसेसरच्या दृष्टीने यात काही बिघडत नाही, कारण पेज टेबल (कोणता व्हर्च्युअल पत्ता कोणत्या फिजिकल पत्त्यावर जातो तो तक्ता) त्याच वेळी बदलले जाते. उपकरणाकडे मात्र जुना पत्ता तसाच राहतो. म्हणून पाने आधी पिन करावी लागतात, म्हणजे उपकरणाचे काम होईपर्यंत ती जागची हलणार नाहीत अशी हमी कर्नलकडून घ्यावी लागते.

लिनक्समध्ये यासाठी बराच काळ ‘गेट_यूजर_पेजेस’ वापरले जाई. त्यात अडचण अशी की पानाचा नुसता संदर्भ घेणारा आणि त्या पानावर उपकरणाकरवी लिहिणारा, हे दोघे कर्नलला सारखेच दिसत. २०२० मधल्या ५.६ आवृत्तीत ‘पिन_यूजर_पेजेस’ आले आणि हा भेद कर्नलच्या नजरेस आला. इंटरफेस रचणाऱ्याने यातून एक गोष्ट घ्यावी: दोन वेगळ्या हेतूंसाठी एकच फंक्शन ठेवले, तर खालच्या थराला हेतूचा अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज केव्हातरी चुकतो.

तो कसा चुकतो याचे उदाहरण फोर्क, म्हणजे प्रोसेसने स्वतःची प्रत करून अपत्य प्रोसेस निर्माण करणे. पालक प्रोसेसने बफर पिन केला आणि नंतर फोर्क केले, तर पाने दोघांत सामायिक होतात आणि जो प्रथम लिहील त्याला नवी प्रत मिळते. पालकाने प्रथम लिहिले की पालक नव्या पानावर जातो, आणि कार्ड मात्र जुन्याच पानावर चित्र उतरवत राहते. प्रोग्रामला चित्र कधीच मिळत नाही आणि त्रुटीही कुठे दिसत नाही. पिन झालेली पाने आता वेगळी ओळखता येत असल्याने कर्नल फोर्कच्या वेळीच अपत्याला स्वतंत्र प्रत देतो आणि पालकाचे पान जागेवर राहते.

पिनची मर्यादाही लक्षात घ्यावी. पिन केलेली मेमरी इतर कोणाला देता येत नाही, म्हणून ती प्रोसेसच्या लॉक मेमरीच्या मर्यादेत मोजली गेली पाहिजे. आपल्या ड्रायव्हरने ही मोजणी टाळली, तर कोणताही साधा वापरकर्ता पूर्ण यंत्राची रॅम अडवून ठेवू शकतो.

मग प्रोसेसचाच व्हर्च्युअल पत्ता उपकरणाला का देऊ नये?

देता येतो. त्याला शेअर्ड व्हर्च्युअल अ‍ॅड्रेसिंग, संक्षेपाने एसव्हीए म्हणतात. यात आयओएमएमयूला प्रोसेसची पेज टेबलेच दाखवली जातात. प्रोग्राममधला पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा साठवलेला पत्ता) जसाच्या तसा उपकरणाला देता येतो. याद्या, झाडे, एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या रचना यांत एरवी प्रत्येक पॉइंटर बदलावा लागला असता. ती गरज उरत नाही, आणि आधी मॅप करून ठेवण्याचीही नाही.

एका उपकरणाचा वापर अनेक प्रोसेस एकाच वेळी करत असतील, तर आलेला पत्ता कोणत्या प्रोसेसचा हे आयओएमएमयूला कळायला हवे. त्यासाठी पीसीआय एक्सप्रेस या बसमध्ये पासिड नावाचा २० बिटांचा क्रमांक आहे, म्हणजे जास्तीत जास्त १०,४८,५७६ वेगळ्या पत्तेजागा (एकेका प्रोसेसला दिसणारे सर्व पत्ते) ओळखता येतात. उपकरण प्रत्येक व्यवहारासोबत तो क्रमांक पाठवते आणि आयओएमएमयू त्यावरून योग्य टेबल निवडते.

पासिड कोणी ठरवावा? प्रोग्रामने तो स्वतः पाठवला तर चालेल का?

चालणार नाही, आणि या पानावरचे हे सर्वांत महत्त्वाचे उत्तर आहे.

समजा आपण ड्रायव्हरसाठी असा इंटरफेस लिहिला की प्रोग्राम आदेशात पत्ता, लांबी आणि पासिड असे तीन आकडे भरतो. प्रामाणिक प्रोग्राम आपलाच पासिड भरेल. पण ज्याला दुसऱ्याची मेमरी वाचायची आहे तो एकेक आकडा भरून पाहील, आणि २० बिटांचे सर्व आकडे भरून पाहायला आधुनिक यंत्राला फार वेळ लागत नाही. आयओएमएमयूला यात काही वावगे दिसणार नाही. त्याच्या दृष्टीने पासिड खरा आहे, पत्ता त्या प्रोसेसमध्ये वैध आहे, आणि उपकरणाला परवानगीही आहे. संरक्षणाची सर्व यंत्रणा जागेवर असूनही दार उघडे राहील, कारण ओळख सांगण्याचे काम ज्याची ओळख तपासायची त्याच्याकडेच सोपवले गेले.

म्हणून नियम असा की पासिड कर्नल ठरवतो, कर्नल लावतो आणि प्रोग्रामला त्याला हात लावता येत नाही. लिनक्समध्ये ड्रायव्हर ‘आयओएमएमयू_एसव्हीए_बाइंड_डिव्हाइस’ बोलावतो आणि कर्नल त्या प्रोसेसच्या पत्तेजागेला पासिड देतो. त्यापुढे दोन मार्ग आहेत. उपकरणात प्रत्येक प्रोसेससाठी स्वतंत्र रांग असेल, तर ड्रायव्हर त्या रांगेच्या रजिस्टरमध्ये पासिड एकदाच लिहून ठेवतो. ते रजिस्टर प्रोग्रामला दिसणाऱ्या पानावर असता कामा नये. रांग सामायिक असेल, तर प्रत्येक आदेशासोबत पासिड जायला हवा आणि तरीही तो प्रोग्रामच्या हाती नसावा. इंटेलची ‘एनक्यूसीएमडी’ ही सूचना यासाठीच आहे. ती ६४ बाइट्सचा आदेश उपकरणाकडे पाठवते आणि त्यात प्रोसेसरच्या एका विशेष रजिस्टरमधला पासिड स्वतः भरते. ते रजिस्टर फक्त कर्नलला लिहिता येते. रांग भरलेली असेल तर पुन्हा प्रयत्न करा असा संकेतही सूचना प्रोग्रामला देते, म्हणजे सिस्टिम कॉलशिवाय, कर्नलला मध्ये न घेता, आदेशही जातो आणि नकारही कळतो.

येथे एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. पासिड पत्तेजागेचा असतो, पण ते विशेष रजिस्टर प्रत्येक थ्रेडचे (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणाऱ्या प्रत्येक कामाचे) वेगळे असते. एका थ्रेडने उपकरण उघडले तेव्हा बाकीचे थ्रेड आधीपासून चालू असतात आणि त्यांची रजिस्टरे रिकामी असतात. सगळ्यांना थांबवून रजिस्टर भरण्याऐवजी लिनक्स वाट पाहतो. थ्रेडने प्रथमच ती सूचना वापरली की प्रोसेसर फॉल्ट उठवतो, कर्नल पाहतो की या पत्तेजागेला पासिड दिलेला आहे, रजिस्टर भरतो आणि सूचना पुन्हा चालवतो. प्रोग्रामला यातले काहीच कळत नाही. सामायिक रांग रचताना अशा सोयी हार्डवेअरच्या बाजूने आहेत का, हे इंटरफेस कागदावर उतरवण्याआधी पाहावे, कारण नसतील तर आदेश कर्नलमार्फतच पाठवणे हा एकमेव सुरक्षित मार्ग उरतो.

उपकरणाने मागितलेले पान रॅममध्ये नसेल तर?

एसव्हीएत पिन नसल्यामुळे ही वेळ येणारच. उपकरण व आयओएमएमयू पीआरआय (पान मागण्याची ठरलेली पद्धत) पाळत असतील तर उपकरण पानाची मागणी करते, कर्नल पान आणतो, उत्तर देतो, आणि उपकरण काम पुढे नेते. आर्मच्या काही रचनांमध्ये व्यवहार थांबवून ठेवण्याची वेगळी पद्धतही आहे. पत्ता मुळातच अवैध असेल तर नकाराचे उत्तर जाते, आणि तो नकार प्रोग्रामपर्यंत नेमक्या कोणत्या आदेशाविषयी आहे हे सांगून पोहोचवणे ही ड्रायव्हरच्या इंटरफेसची जबाबदारी असते.

प्रोसेसरच्या पेज फॉल्टपेक्षा (प्रोसेसरला हवे ते पान रॅममध्ये नसले की होणाऱ्या फेऱ्यापेक्षा) हा फेरा बराच मोठा असतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे की आपल्या कॅमेऱ्यासारख्या कामात, जिथे दर १६.७ मिलिसेकंदांना चित्र येते आणि कार्डात साठवायला जागा थोडी असते, तिथे काही बफर आधीच पिन करून फिरते ठेवणे हेच बरे. एसव्हीए शोभते ते कॉम्प्रेशन, एन्क्रिप्शन, मेमरीतल्या मेमरीत कॉपी अशा कामांना, जिथे प्रोग्राम कोणत्याही पत्त्यावरचा माल अनपेक्षितपणे उपकरणाकडे सोपवतो आणि उपकरणाला क्षणभर थांबणे परवडते.

प्रोग्रामने मेमरी परत केली, पण उपकरणाकडे जुना पत्ता उरला. आता?

उपकरणाला प्रत्येक वेळी आयओएमएमयूकडे विचारायला लागू नये म्हणून एटीएस या सोयीने ते पत्त्याचे रूपांतर स्वतःकडे साठवून ठेवू शकते. शेताच्या उताऱ्याची झेरॉक्स काढून ठेवली आणि नंतर फेरफार झाला, तर झेरॉक्सवर जुन्याच मालकाचे नाव राहते. तसेच येथे होते. म्हणून पान दुसऱ्याला देण्याआधी ती साठवलेली नोंद रद्द झाली पाहिजे, आणि रद्द झाल्याची पोच उपकरणाकडून आली पाहिजे.

लिनक्समध्ये हे काम एमएमयू नोटिफायर करतात. पेज टेबलमध्ये बदल झाला की कर्नलचा मेमरी विभाग आयओएमएमयूच्या ड्रायव्हरला कळवतो, तो आयओएमएमयूमधल्या आणि उपकरणातल्या नोंदी रद्द करतो, आणि त्यानंतरच पान मोकळे होते. क्रम उलटला तर काही मायक्रोसेकंद असे येतात की पान नव्या मालकाकडे गेले आहे आणि जुने उपकरण त्यावर लिहू शकते. असा दोष चाचणीत सापडणे महाकठीण असते. तो क्रम वाचूनच पकडावा लागतो. पोच द्यायला उपकरणाने किती वेळ घ्यावा यालाही मर्यादा हवी, कारण अडकलेले एक उपकरण मेमरी परत करणाऱ्या सगळ्यांना अडवू शकते.

आदेश चालू असताना प्रोसेसच मेली तर?

प्रोसेस केव्हाही मरू शकते, आणि तिने आधी व्यवस्थित बंद करावे अशी अपेक्षा इंटरफेसने ठेवू नये. क्रम असा हवा: नवे आदेश घेणे थांबवणे, चालू आदेश पूर्ण होऊ देणे किंवा रद्द करणे, त्या पासिडच्या प्रलंबित पान-मागण्या निकालात काढणे, साठवलेल्या नोंदी रद्द करणे, आणि मग बंधन सोडणे. पासिड लगेच दुसऱ्या प्रोसेसला दिला आणि उपकरणात जुना आदेश रेंगाळत असला, तर तो आदेश नव्या प्रोसेसच्या मेमरीवर चालेल. लिनक्सने याविषयी जो निर्णय घेतला तो साधा आणि योग्य आहे. पत्तेजागेला पासिड एकदा मिळाला की ती पत्तेजागा पूर्ण संपेपर्यंत तो तिचाच राहतो. बाइंड-अनबाइंड कितीदाही झाले तरी क्रमांक बदलत नाही. क्रमांक थोडे अधिक खर्च होतात, पण मोजणीचा गुंता जातो.

फोर्कनंतर एसव्हीए कसे वागते?

पिनच्या उत्तरातली अडचण येथे येत नाही, कारण पालक नव्या पानावर गेला की तोच बदल उपकरणालाही दिसतो. अपत्याची पत्तेजागा वेगळी असल्याने त्याला पालकाचा पासिड मिळत नाही. मात्र उपकरणाची उघडी फाइल अपत्याकडेही जाते. म्हणून प्रोग्रामला दिलेले रांगेचे पान अपत्याकडे कॉपी होणार नाही अशी खूण ड्रायव्हरने त्यावर करावी.

आयओएमएमयू चालू असले म्हणजे यंत्र सुरक्षित झाले का?

बरेचसे, पण पूर्णपणे नाही. केंब्रिज आणि राइस विद्यापीठांतील संशोधकांसह एका गटाने २०१९ मध्ये थंडरक्लॅप या नावाने दाखवून दिले की आयओएमएमयू चालू असतानाही बाहेरून जोडलेले दुष्ट उपकरण यंत्राचा ताबा मिळवू शकते. मूळ कारण साधे आहे: संरक्षण पानाच्या मापाने मिळते. दोनशे बाइट्सचा बफर दिला तरी पूर्ण ४,०९६ बाइट्सचे पान उघडे पडते, आणि त्याच पानावर कर्नलचे पॉइंटर असले तर तेही. म्हणून अनोळखी उपकरणाला द्यायचे बफर स्वतंत्र पानांवर ठेवावेत.

दुसरी फट वेगासाठी ठेवलेली असते. अनमॅप झाल्यावर नोंदी ताबडतोब रद्द न करता थोड्या साचवून एकदम रद्द करण्याची आळशी पद्धत अनेक ठिकाणी चालू असते. तेवढ्या काळात जुना पत्ता जिवंत राहतो. कर्नलच्या बूट पर्यायांतून कडक पद्धत निवडता येते आणि त्याची किंमत वेगात मोजावी लागते. तिसरी गोष्ट, काही उपकरणांना आयओएमएमयू एकमेकांपासून वेगळे करू शकत नाही. अशा उपकरणांचा एक गट धरला जातो, आणि पूर्ण गटाला एकच मालक द्यावा लागतो.

कर्नलमध्ये न लिहिता प्रोग्राममधूनच उपकरण चालवायचे असेल तर?

२०१२ पासून लिनक्समध्ये व्हीएफआयओ आहे. त्यातून उपकरण आयओएमएमयूच्या कुंपणात ठेवून प्रोग्रामच्या किंवा व्हर्च्युअल मशीनच्या हवाली करता येते. पुढे पत्तेजागेची व्यवस्था त्यातून बाहेर काढून आयओएमएमयूएफडी हा स्वतंत्र इंटरफेस करण्यात आला, जो २०२३ मधल्या ६.२ आवृत्तीत आला. त्यात पत्तेजागा ही एक वस्तू आहे, हार्डवेअरचे टेबल दुसरी, उपकरण तिसरी, आणि ती कशी जोडायची हे प्रोग्राम सांगतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हाच मार्ग अभ्यासावा.

कार्डाने उतरवलेले चित्र थेट ग्राफिक्स कार्डाला देता येईल का?

होय, डीएमए-बफ वापरून. बफर फाइल डिस्क्रिप्टरच्या (उघड्या फाइलला कर्नलने दिलेल्या क्रमांकाच्या) रूपाने एका ड्रायव्हरकडून दुसऱ्याकडे जातो आणि प्रत्येक ड्रायव्हर आपल्या उपकरणासाठी तो स्वतंत्रपणे मॅप करतो. पत्त्याचा आकडा कोणीही कोणाला देत नाही, आणि म्हणूनच ही रचना टिकली आहे. कॅमेऱ्यांसाठीच्या लिनक्सच्या प्रचलित व्हिडिओ चौकटीत ही सोय तयारच आहे. तपासणी यंत्रासाठी नवा इंटरफेस रचण्यापूर्वी ती वापरून पाहावी.

तरीही स्वतःचा आयओसीटीएल (प्रोग्रामने ड्रायव्हरला खास आदेश देण्याचा कॉल) लिहावा लागला, तर त्यात काय असावे आणि काय नसावे?

फिजिकल पत्ता कोणत्याही दिशेने जाऊ-येऊ नये. प्रोग्रामने व्हर्च्युअल पत्ता व लांबी देऊन बफर नोंदवावा आणि बदल्यात एक लहान क्रमांक घ्यावा. तो क्रमांक त्या उघड्या फाइलपुरताच वैध असावा, म्हणजे फाइल बंद होताच सर्व बफर आपोआप सुटतील. पत्ता आणि लांबी यांची बेरीज ओव्हरफ्लो होते का हे तपासावे. शून्य लांबी नाकारावी. दिशा प्रोग्रामकडून स्पष्ट मागावी, कारण उपकरणाने फक्त वाचायचे असेल तर त्याला लिहिण्याचा अधिकार देण्याचे कारण नाही. बफर सोडण्याचा आयओसीटीएल उपकरण थांबल्यावरच परतावा. ‘सोडले’ असे सांगून मागे काम चालू ठेवले, तर प्रोग्राम त्या जागी दुसरे काही ठेवेल आणि त्यावर कॅमेऱ्याचे चित्र येऊन पडेल. रचनेतील राखीव जागा शून्यच असावी अशी सक्ती पहिल्या आवृत्तीपासून करावी, नाहीतर पुढे तिथे नवी खूण ठेवता येत नाही, कारण जुन्या प्रोग्रामांनी तिथे कचरा भरलेला असतो.

हे सारे नीट झाले आहे का, याची तपासणी कशी करावी?

कर्नल बांधताना डीएमए एपीआयच्या डीबगचा पर्याय चालू करावा. मॅप करून अनमॅप न केलेले बफर, वेगळ्या लांबीने किंवा वेगळ्या दिशेने केलेले अनमॅप, आणि न तपासलेली मॅपिंगची त्रुटी तो लॉगमध्ये दाखवतो. त्यानंतर आयओएमएमयू कडक पद्धतीने चालू ठेवून कॅमेरा चालवावा, चित्रे येत असतानाच प्रोग्राम सक्तीने बंद करावा, चित्रे येत असताना ड्रायव्हर काढून पुन्हा चढवावा, आणि रॅम जवळजवळ भरलेली असताना हेच पुन्हा करावे. लॉगमध्ये आयओएमएमयूचा एकही फॉल्ट दिसला तर तो ‘एखाद्या वेळी होतो’ म्हणून सोडून देऊ नये. त्या ओळीत उपकरणाचा क्रमांक आणि नेमका पत्ता छापलेला असतो. मॅप केलेल्या पत्त्यांच्या नोंदीशी तो पत्ता ताडून पाहिला, की बफर वेळेआधी सुटला की लांबी चुकली, हे बहुधा तिथेच कळते.